चिकाची वाटी

ज्या बाईमुळे मी दहावी पास झाले तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलंस तर घरात घेणार नाही असं तिने बजावलंय, आणि ती बोलते तसं करते. सगळं नगर तिला सिस्टर म्हणतं, मीही तेच म्हणते. सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेली नर्स. अमरावतीत शेगाव नाक्याच्या मागे स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर, पुढच्या खोलीत कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, मागे न्हाणीला लागून एक खोली. त्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते.

तिने मला गणित शिकवलं असं कोणाला वाटेल तर तसं नाही. गणित तिलाही येत नाही. धीर दिला म्हणावं तर तिची धीर द्यायची पद्धत म्हणजे, रडणं झालं असेल तर भांडे घासून टाक. संध्याकाळी मी वही मिटली की ती बाजेवरून विचारायची, झालं का. मी हो म्हटलं की बरं म्हणायची. नाही म्हटलं तरी बरंच म्हणायची. आणि एकदा तिने मला हाताला धरून एसटीत बसवून दिलं. पण तेव्हा बसवून दिलं नसतं तर मी आजही त्या गल्लीत पोळ्या लाटत, यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणत बसले असते. तिचं हे आधी सांगून ठेवते, कारण यापुढे मी बऱ्याच लोकांबद्दल वाईट बोलणार आहे आणि त्या गर्दीत ती हरवायला नको.

मी तेल्हाऱ्याकडची. आमच्या घरी भाजीपाला करतात. भेंडी, गवार, वांगी, पहाटे तोडून बाजारात. शाळा गावात आठवीपर्यंत होती. नववीला तालुक्याला जायचं तर एसटी लागायची, आणि एसटीची वेळ आणि भेंडी तोडायची वेळ एकच. घरात भांडण झालं नाही, कोणी मारलं नाही, कोणी रडलं नाही. एक दिवस गेले नाही, मग गेलेच नाही. लग्न जमलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. मामाच्या ओळखीने अमरावतीला मेसमध्ये काम लागलं तेव्हा माय म्हणाली, जाऊन पाय, नाही जमलं तर ये. नकाशात पाहिलं तर तेल्हारा काही परदेशात नाही. पण अकोल्याला बस बदलायची, तिथे उन्हात दुसरीची वाट पाहायची, अर्धा दिवस जातो. आणि गावाहून मन कितीही लवकर परत येवो, मन गावाला गेलं की पोळी करपते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आता त्या गल्लीबद्दल. गल्ली म्हणजे सगळ्या अभ्यासिका. खाली मेस, वर अभ्यासिका, त्याच्या वर होस्टेल, आणि तिन्हींच्या अंगावर फ्लेक्स. फ्लेक्सवर पास झालेल्यांचे फोटो, हाताची घडी घालून, जणू काही कोणाला तरी मारायला निघालेत. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, त्याग. दुसऱ्यावर, आज रडा उद्या हसा. मी रोज सकाळी कणीक मळताना ते वाचायची. आधी आदराने वाचायची. मोठी माणसं, फौजदार, तहसीलदार व्हायला निघालेली पोरं, आपण आठवी. कोणी ताटात भाजी टाकून उठलं तर वाटायचं, अभ्यासाच्या विचारात असेल बिचारा.

मग हळूहळू कळायला लागलं की तो कशाच्या विचारात असतो. या पोरांचा एक शब्द होता, रिवॉर्ड. एक धडा वाचला की स्वतःला काहीतरी द्यायचं. एक धडा, एक चहा. एक पेपर सोडवला की गिला वडा, आमच्याकडचा दह्यात भिजवलेला. असं त्यांना कोणी तरी व्हिडिओत सांगितलं होतं. नियम चांगला होता, पण तो या पोरांच्या हाती लागला. काही दिवसांत वडा आधी आणि धडा नंतर असं ठरलं, कारण पोटात असेल तर डोकं चालतं. मग धडा उद्या. उद्या तो धडा राहिलेला असायचा म्हणून मन खराब, आणि मन खराब असलं की पुन्हा वडा. आमच्या मेसच्या समोर गिल्या वड्याची गाडी लावणाऱ्या माणसाने त्या एका पावसाळ्यात मोटरसायकल घेतली. अभ्यासाने कोणाचं भलं होताना मी डोळ्यांनी पाहिलं असेल तर त्याचं.

यांच्यात एक होता, अकोल्याचा. मी मनातल्या मनात त्याला होणारे साहेब म्हणायची. मी यायच्या आधीपासून तो तिथे होता. वागणं आत्ताच साहेबाचं. चहा आला की मान न उचलता बोटाने टेबल दाखवायचा. त्याची पद्धत उलटी. तो वडा खायचा नाही. सण घ्यायचा नाही. अकोला काय दूर आहे, दीड-दोन तासांत माणूस जाऊन जेवून येतो. पण तो दिवाळीला जायचा नाही. पास झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं त्याने घरी सांगितलं होतं आणि ते त्याच्या फोनच्या स्टेटसवरही होतं. एवढा त्याग करून तो दिवसभर काय करायचा, तर कोण किती वाचतोय ते बघत फिरायचा. परीक्षा आली की म्हणायचा, यावेळी ड्रॉप घेतो, तयारी पूर्ण झाल्याशिवाय बसण्यात अर्थ नाही. आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की बसून नापास झालेल्या पोरांना स्वतःचीच लाज वाटावी.

मला हसायला काय झालं. मी त्याच्याकडूनच शिकले.

दहावीचं खूळ माझ्या डोक्यात सिस्टरच्या घरी राहायला आल्यावर शिरलं. रोज संध्याकाळी कोणीतरी तिच्याकडे इंजेक्शन घ्यायला यायचं, कोणाचं ड्रेसिंग असायचं, आणि मी बाजूला उभी राहून कापूस द्यायची. मला ते काम आवडलं. पोळ्या कधी आवडल्या नाहीत, पण ते आवडलं. मी विचारलं, हे शिकायला काय लागते. ती म्हणाली, रुग्णसेवेचा एक वर्षाचा कोर्स असते, त्याले दहावी पास लागते, तुयं काय झालं आहे. मी म्हटलं, आठवी. ती म्हणाली, मग सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बसता येते. एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन सगळी चौकशी करूनच आली, माझ्या पोळ्या व्हायच्या आत.

फॉर्म भरला त्या दिवशी मी स्वतःशी ठरवलं, पास झाल्याशिवाय घरी जाणार नाही. होणाऱ्या साहेबांसारखं. मला वाटलं अभ्यास असाच करतात. आपल्याला जे सगळ्यात जास्त पाहिजे ते कुलपात ठेवायचं आणि किल्ली पुढे फेकायची, मग माणूस किल्लीमागे धावतो. मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुले समजते ते कर. दिवाळीला गेले नाही. संक्रांतीला गेले नाही. अंगणात माय भेंडीच्या टोपल्या लावत बसते, मागे गाय, बाजूला चूल, हे मी रोज रात्री झोपण्याआधी बघायची, जसं पोरं फोनमध्ये व्हिडिओ बघतात. रोज ते अंगण थोडं मोठं व्हायचं. सिस्टरने दोनदा-तीनदा विचारलं, घरी कावून नाही जात तू. मी म्हणायची, पास झाल्यावर. ती नाक मुरडून आत जायची.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बाकीचे पेपर बरे गेले. गणिताचं काय झालं ते पुढे सांगते, कारण तेव्हा ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात आमच्या अभ्यासिकेत एक सर आले. मोफत मार्गदर्शन. सर म्हणजे पांढरा शर्ट, कानाला लावायचा माइक, आणि बोलताना मध्येच थांबून सगळ्यांकडे पाहायची सवय, टाळ्या यायला वेळ मिळावा म्हणून. मला चहासाठी वर बोलावलं होतं. सरांनी खोकं उघडलं आणि प्रत्येकाला एक चॉकलेट वाटलं, मलाही. सांगितलं, कागद काढा आणि तळहातावर ठेवा. माझं भाषण संपेपर्यंत जो खाणार नाही त्याला दुसरं मिळेल. ज्याला आजचं सुख उद्यावर टाकता येतं, तोच खुर्चीवर बसतो.

अमरावतीतला मे. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. या माणसाने हे भाषण कुठल्या थंड हवेच्या गावी तयार केलं होतं कोण जाणे. थोड्या वेळात वीज गेली, कूलर बंद पडले, आणि सर त्यागावर बोलत राहिले. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला ते गेले नव्हते, अभ्यास होता म्हणून. हे सांगून ते थांबले, टाळ्यांसाठी. पण टाळ्या कोण वाजवणार, प्रत्येकाच्या हातावर चॉकलेट पाघळत होतं. मनगटापर्यंत ओघळ आले. काहींनी हात वर धरला तर कोपरापर्यंत आले. शंभर टक्के फौजदार होणार म्हणून फ्लेक्सवर छापलेला एक जण चोरून तळवा चाटत होता. शेवटी सरांनी बक्षिसाचं खोकं उघडलं तर आत सगळ्या चॉकलेटांचा मिळून एक लगदा झालेला. ते बोटाने कागद सोडवायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, सर, चमचा आणू का.

सर म्हणाले, महत्त्वाचं चॉकलेट नाही, तत्त्व आहे.

इतकं होऊनही मी त्या दिवशी हसत घरी गेले नाही, छाती फुगवून गेले. कारण मधेच होणारे साहेब उठून म्हणाले होते, सर, या मेसवाल्या ताई दहावी पास व्हायची म्हणून वर्षभर घरी गेल्या नाहीत. सरांनी मला उभं केलं. म्हणाले, बघा, शिक्षण नाही, परिस्थिती नाही, पण संयम बघा. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या चिकट हातांनी. तो आवाज अजून कानात आहे. टाळीसारखा नव्हताच, पट् पट् करून सुटत होता. मला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या त्या अशा. नंतर फरशी, दाराच्या कड्या, खुर्च्यांचे हात, सगळं मीच पुसलं. तरी संध्याकाळी मुंग्या झाल्याच.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुरड्या होत्या. सिस्टर दर उन्हाळ्यात करते. गहू भिजवून, वाटून, गाळून, रात्रभर ठेवलेला चीक पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर घालून मोकळं व्हायचं. मी हाटत होते, ती सोऱ्याला तेल लावत होती. मी तिला सरांचं सगळं सांगितलं, टाळ्यांचंही. तिने सोऱ्यातून मान काढली नाही.

“अन् तुया मायनं वाजवल्या का टाळ्या?”

मी आणखी जोरात हाटायला लागले. चीक झाला. आमच्याकडे एक रीत आहे, कदाचित सगळीकडे असेल. चीक उतरवला की सोऱ्यात भरायच्या आधी सगळ्यांच्या वाट्या भरतात. गरम चीक, वरून तेल-तिखट. पोरं तर त्यासाठीच पहाटे उठतात. सिस्टरने माझी वाटी भरून पुढे केली. आणि माझ्या तोंडून निघालं, नको, पास झाल्यावर खाईन.

आजही मला ते आठवलं की अंगावर काटा येतो. चीक पास झाल्यावर खाईन. त्या माणसाच्या चॉकलेटाला मी हसले असते तर निदान एवढं बोलले नसते. सिस्टर कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग वाटी खाली ठेवून कुरड्या घालायला बसली. दोघींनी ऊन चढेपर्यंत घातल्या. खाली आलो तेव्हा वाटीतला चीक गार होऊन थिजला होता, वर साय धरलेली, पोस्टर चिकटवायच्या खळीसारखा. तिने तो दारात येणाऱ्या मोकाट गाईला घातला. म्हणाली, गच्चीवर टाकला ते वर्षभर पुरते. वाटीतला असा ठेवला तर दुपारी गाय खाते. तुले अजून दोन्हीतला फरक नाही समजत, अन् तू पेशंट सांभाळीन म्हणते.

निकाल मे संपता संपता लागला. होणाऱ्या साहेबांच्या फोनवर पाहिला, कारण मेसमध्ये त्याच्याच फोनला रेंज होती. सगळ्यात पास, गणितात गेले. तो म्हणाला, काही हरकत नाही ताई. जुलैत पुरवणी परीक्षा असते, पण तिला बसू नका. महिना-दीड महिन्यात काय होणार. ड्रॉप घ्या, पुढच्या मार्चला पूर्ण तयारीनिशी बसा. तोपर्यंत घरी जायचं नाही, सोडायचं नाही. तुमची जिद्द सरांनी पाहिली आहे.

आणि मला बरं वाटलं. हेच सांगायचंय मला, बरं वाटलं. नापास झाल्याचं दुःख गेलं आणि त्या जागी एक मोठी भारी गोष्ट येऊन बसली, ड्रॉप. दहावीला ड्रॉप घेणारी या जिल्ह्यात मीच असेन. कोर्सचा प्रवेश ऑगस्टमध्ये होता, तो जाणार होता. कोर्सवाल्या बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी वयाचं बघावं लागेल. म्हणजे कदाचित कायमचाच जाणार होता. तरी मला बरं वाटत होतं. कारण आता एक वर्षभर नापास व्हायची भीती नव्हती.

संध्याकाळी मी सिस्टरला ड्रॉपचं सांगितलं. तिने आधी विचारलं, म्हणजे काय. मी समजावलं. ती बाजेवर बसली, गुडघ्याला हात लावत. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते.

“गणिताच्या पेपरात काय झालं होतं? खरं सांग.”

मी सांगितलं. पेपर सोपा होता. पहिली काही गणितं सुटली. मग एक उदाहरण आलं, शेतातल्या झाडांच्या रांगांचं, पहिल्या रांगेत इतकी, दुसरीत तितकी. अंकगणिती श्रेढी, मला येत होती. पण रांगा म्हटल्यावर मला आमच्या भेंडीच्या ओळी दिसायला लागल्या. हा शेवटचा अवघड पेपर, मग निकाल, मग घर. अकोल्याला कितीची बस पकडायची, मायसाठी लुगडं घ्यायचं की चादर, गाय ओळखेल का. बेल झाली तेव्हा मी मनाने तेल्हाऱ्याच्या स्टँडवर उतरत होते, आणि पुढची पानं कोरी होती.

सिस्टर हसली नाही. म्हणाली, मले वाटलंच होतं. मग जे बोलली ते मी तसंच लिहिते.

“हे पाय व. माणूस उपाशी ठेवला की त्याले भाकरीशिवाय काही सुचत नाही. मी ड्युटीवर असताना डबा खाऊन मंग पेशंटले हात लावो, नाही तर सुई हलते. तू सालभर स्वतःले उपाशी ठेवलं अन् म्हणते गणित कावून नाही सुटलं. तुले वाटते तू घर पुढे ढकलून राहिली. तू घर पुढे नाही ढकललं, तू त्याले भिऊन राहिली. खाली हातानं जायची लाज वाटते तुले. आता ड्रॉप म्हणजे त्याच्यावर अजून एक साल. तो वरचा साहेब तेच करते ना? त्याले तरी बाप पोसते. तुले कोण पोसते?”

मी रडले. ती म्हणाली, भांडे घासून टाक.

सकाळी ती माझ्याआधी तयार होती. पिशवीत कुरड्यांचा डबा, पाण्याची बाटली. मेसवाल्याला तिने रात्रीच फोन करून सांगितलं होतं की मी आजारी आहे आणि मला सांसर्गिक काहीतरी झालंय. नर्सने सांगितल्यावर तो कशाला विचारतो. मी म्हटलं, सिस्टर, नापास होऊन कशी जाऊ, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक म्हणतील बाई आली. गुडघे दुखत असताना ती स्टँडपर्यंत आली, मला खिडकीशी बसवलं आणि बस सुटेपर्यंत खाली उभी राहिली. मी उतरेन अशी तिला खात्री होती. बरोबर होती.

अकोल्याला बस बदलली. तेल्हाऱ्याला उतरून गावात पोचले तेव्हा ऊन कलत होतं. वर्षभर मी जे अंगण बघत होते ते इतकंसं निघालं. गाय विकली होती, ते मला फोनवर सांगायचं राहून गेलं होतं. माय गवारीच्या शेंगा निवडत होती. तिने वर पाहिलं, म्हणाली, आली का, हात धू अन् बस, उद्या बाजार हाय. मी शेंगा निवडायला बसले. थोड्या वेळाने तिने विचारलं, झालं का पास? मी म्हटलं, गणितात गेले. ती म्हणाली, मायं बी गणितच जाये. आणि पुढे तिच्या बाजूच्या शेंगा माझ्या ढिगात ढकलल्या. एवढ्यासाठी मी वर्षभर मरत होते.

पहिला दिवस फार गोड गेला. दुसऱ्या दिवशी भेंडी तोडून बोटं खाजली. नातेवाईक येऊन विचारू लागले, अमरावतीत कोणाच्या घरी राहते, तिथे जेवते का, भांडी वेगळी ठेवते का. मी सांगितलं, ज्या ताटात ती जेवते त्याच ताटात जेवते, आणि तिच्या हातचं खाऊन मी मेले नाही, तुमच्या हातचं खाऊन मात्र लोक तिच्याचकडे सुई टोचून घ्यायला येतील. आतून माय हसल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते, माशा घोंगावत होत्या, आणि मला कंटाळा आला. खरा, साधा कंटाळा. मी पिशवीतून गणिताचं पुस्तक काढलं. सिस्टरने ते कुरड्यांच्या डब्याखाली घातलं होतं, मला न सांगता. झाडांच्या रांगांचं ते उदाहरण मी दाराच्या उंबऱ्यावर बसून सोडवलं. समोरच भेंडीच्या ओळी होत्या. त्या दिसत होत्या, पण आड येत नव्हत्या.

परत आले आणि जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरला. त्यानंतर मी रोज सकाळी मायशी फोनवर बोलायची, आधी, मग पुस्तक. शनिवारी संध्याकाळी अभ्यास झाला असेल तर गिला वडा, झाला नसेल तर नुसती भाजी-पोळी, आणि त्याचं काही मोठं दुःख नाही. होणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, घरी जाऊन आलात म्हणे. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी डॉक्टर नातेवाइकांपुढे हलवतात. पुढे अभ्यासिकेत त्यांनी सांगितलं, ताईंनी सोडलं. सांगू देत. मी पास झाले त्या दिवशीही ते तिथेच होते, आणि परवा त्या गल्लीतून गेले तेव्हाही होते. दाराशी नवा फ्लेक्स लागला होता, त्यात त्यांचा फोटो नव्हता, पण ते त्याच्या खाली हाताची घडी घालून उभे होते. मला दया यायला पाहिजे होती. आली नाही. जो माणूस आईबापाला वर्षानुवर्षं दारात ताटकळत ठेवून त्याला त्याग म्हणतो, त्याच्या वाट्याची दया मी दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवली आहे.

गणितात काठावर पास झाले. सिस्टरला सांगितलं तर ती बरं म्हणाली. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी भांडी घासायला घेतली.

आता कोर्सला जाते. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्डात काम, संध्याकाळी मेसऐवजी एका घरी पोळ्या. काळजी गेलेली नाही. पेशंटची सलाईन संपली का, मी दार लावलं का, माय उन्हात फार वेळ बसते का, हे चालूच असतं. पण एक काळजी नवीन आहे. सिस्टरच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायला सांगून डॉक्टरला कितीतरी वर्षं झाली. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणते हिवाळ्यात करू, हिवाळ्यात विचारलं तर म्हणते उन्हाळ्यात. मी म्हटलं, हे तर ड्रॉप झालं. तिला राग आला. मग रात्री भाकरी करताना स्वतःहूनच म्हणाली, ऑपरेशन झाल्यावर उचलाले माणूस लागते, मी कोणाले सांगू. जन्मभर लोकांना उचललेली बाई हे बोलली, तव्याकडे बघत.

यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा कुरड्या केल्या. ती बसूनच सोऱ्या फिरवत होती, उठता येत नव्हतं. मी तिच्या आधी वाट्या भरल्या आणि माझी गरम गरम खाल्ली, जीभ भाजली तरी. तिनेही खाल्ली.

सिस्टर, हे तुम्ही वाचाल तेव्हा चिडाल, पण लिहूनच ठेवते. माझा कोर्स होऊ द्या. एक दिवस तुमच्या गुडघ्यांचं मी करून घेईन, आणि उचलायला मी असेन. उठवायला, न्हाऊ घालायला, पहिलं पाऊल टाकायला लावायला. तुम्ही शिव्या द्याल, द्या. रडाल तर मी धीर देणार नाही. बाजेशी बसून फक्त विचारीन, झालं का.